करंट अडतो कुठं?

पेट्रोलवर चालणारा ट्रक म्हटलं की जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत उभा असलेला आजचा ड्रायव्हर हसतो. भंगार आणणारे, सळई नेणारे, मोसंबी भरून परराज्यात जाणारे सगळे ट्रक डिझेलवर पळतात, आणि डिझेलच्या इंजिनात ठिणगीचं कामच नाही. तिथं हवा इतकी दाबली जाते की ती दाबानंच तापते आणि आत फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. असा ट्रक सहा महिने उभा राहून रुसला, तर मिस्त्रीची पहिली शंका ठरलेली असते : लाइनीत हवा शिरली. तो नोझलचे नट ढिले करतो, हातपंप मारून हवा काढतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पेट्रोलच्या जुन्या ट्रकचं दुखणं इतकं सरळ नसतं. त्याच्या पोटात बॅटरीपासून प्लगपर्यंत करंटची एक लांब वाट असते, त्या वाटेवर दहा-बारा सांधे असतात, आणि गाडी उभी राहिली की हे सांधे एकेक करून आंधळे होत जातात.

आपल्याकडची मालवाहतूक एके काळी या ठिणगीवरच चालत होती, हे आता विसरायला झालं आहे. 1954 साली टाटांच्या टेल्कोनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून डिझेलचे ट्रक बाहेर पडू लागले. त्याआधीचा जमाना मुख्यतः पेट्रोलचा. जनरल मोटर्सनं 1928 मध्येच मुंबईत जुळणीचा कारखाना काढला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्यात क्रायस्लरचे डॉज आणि फार्गो ट्रक जुळू लागले. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं काढून टाकलेल्या लॉऱ्या बाजारात आल्या त्या वेगळ्याच. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, तेव्हाच्या ताफ्यात शेव्हर्ले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल अशी सगळी सरमिसळ होती.

जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात होतं, आणखी साडेतीन महिन्यांनी ते भारतात आलं. कापसाची मोठी पेठ, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि मीटरगेज रेल्वे अशी गावाची मांडणी होती. मुंबईकडे निघालेली कापसाची गाठ मनमाडला उतरवायची आणि ब्रॉडगेजच्या डब्यात पुन्हा चढवायची, ही हमाली त्या रेल्वेनं जन्मभर सोसली. ट्रकला ही उतरव-चढव नव्हती. जालन्याच्या मोंढ्यात माल भरला की तो थेट जिथं न्यायचा तिथंच रिकामा. त्या काळातला एखादा फार्गो आज कुठल्या जिनिंगच्या आवारात, कुठल्या वाड्याच्या पडक्या गोठ्यात निघालाच, तर तो जिल्ह्यापेक्षा वयानं मोठा असतो. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी, त्यामुळे त्याच्या जुन्या कागदांवर औरंगाबाद जिल्ह्याचा शिक्का असणार.

फार्गोच्या जोडीला आणखी दोन घराणी आहेत. एक महिंद्राच्या पेट्रोल जीपचं. विलीजच्या परवान्यावर 1947 पासून मुंबईत जुळू लागलेली, चार सिलिंडरची ही जीप पुढं तहसीलदारापासून बड्या बागायतदारापर्यंत सगळ्यांनी वापरली. दुसरं घराणं लष्करातल्या निस्सान वन-टनचं. जबलपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेला, सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा हा दणकट गडी लिलावातून नागरी हातांत आला. पेट्रोल पिण्यात त्याचा हात कुणी धरत नाही, म्हणून तोही लवकरच शेडमध्ये जाऊन उभा राहतो. तिघांची इंजिनं निराळी, पण ठिणगी पाडायची पद्धत एकच.

अशा गाड्यांना जाग येते ती बहुधा दसऱ्याच्या तोंडावर. पावसाळा सरत आलेला असतो, जिनिंगचा हंगाम उंबरठ्यावर असतो, आणि घरातल्या कुणाला तरी वाटतं की आजोबांची गाडी या वर्षी पूजेला चालू हवी. झेंडू-आपट्याचा हार काय, बंद गाडीलाही घालता येतो. पण मालकाचं मन मानत नाही. तो नवी बॅटरी आणतो, किल्ली फिरवतो. सेल्फ कण्हतो, इंजिन चार फेरे घेतं आणि गप्प. मग मालक बाजारातून नवी कॉइल, नवे प्लग, नवा कंडेन्सर असं सगळं सामान पिशवीत भरून घेऊन येतो आणि त्यानंतर मिस्त्रीला बोलावतो.

मला इथंच मालकांशी भांडावंसं वाटतं. बरीच वर्षं उभी असलेली गाडी चालू होत नाही, तेव्हा तिच्यातली वस्तू मोडलेली असण्याची शक्यता कमी असते. उभं राहून तांब्याची तार तुटत नाही की लोखंड झिजत नाही. उभं राहून बिघडतात ते पृष्ठभाग. जिथं धातू धातूला टेकतो आणि करंटला पलीकडं जाऊ देतो, तिथं गंजाचा, हिरव्या बुरशीचा, तेलाच्या वाफेचा पापुद्रा बसतो. हे सांधे तसेच ठेवून नवी कॉइल लावली तर तीही गप्पच बसेल, आणि मग मालक दुकानदाराला शिव्या घालेल.

एका पापुद्र्यानं किती फरक पडतो, हे हिशेबानं बघण्यासारखं आहे. बारा व्होल्टच्या साध्या कॉइलच्या आतल्या जाड वेढ्याचा रोध साधारण तीन ओहम असतो, म्हणजे तिच्यातून चार अँपिअर करंट जातो. हा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटच्या तोंडावर एक ओहमचा मळ बसला की करंट तीनवर येतो. पण कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती थेट 56 टक्क्यांवर घसरते. जुन्या फार्गोत बॅटरी सहा व्होल्टची आणि कॉइलचा रोध दीड ओहमच्या आसपास. तिथं तोच एक ओहमचा मळ ऊर्जा 36 टक्क्यांवर आणतो. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या करड्या डागानं दोन तृतीयांश ठिणगी खाल्ली! ती आता मोकळ्या हवेत थोडी चमकेल, पण सिलिंडरच्या दाबाखाली, थंड आणि ओलसर मिश्रणात तिचा निभाव लागत नाही.

ही यंत्रणा अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंगची. 1909 मध्ये त्यानं डेटन गावी डेल्को ही कंपनी काढली, 1910 च्या कॅडिलॅक मोटारींना त्याची बॅटरीवरची इग्निशन बसली आणि 1912 मध्ये त्याचाच सेल्फ आला. त्यामागचं तत्त्व त्याच्याही आधीचं, मायकेल फॅरडेनं 1831 मध्ये दाखवलेलं. कॉइलमध्ये एकाच लोखंडी गाभ्यावर दोन वेढे असतात : एक जाड तारेचा, काहीशे फेऱ्यांचा आणि दुसरा केसासारख्या तारेचा, हजारो फेऱ्यांचा. जाड वेढ्यातून बॅटरीचा करंट जात असतो तोवर गाभ्यात चुंबकत्व भरतं. डिस्ट्रिब्यूटरच्या, मिस्त्रीच्या भाषेत डेल्कोच्या, आतला पॉइंट उघडला की तो करंट एकदम तुटतो, चुंबकत्व कोसळतं आणि बारीक वेढ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात. रोटर ते व्होल्ट ज्याची पाळी असेल त्या प्लगकडं धाडतो. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 2400 फेरे घेत असेल, तर हे सगळं दर सेकंदाला 120 वेळा घडतं.

यातला कळीचा शब्द आहे 'एकदम'. करंट हळूहळू तुटला तर ठिणगी पडत नाही. आणि पॉइंट उघडताना करंटला एकदम तुटायचं नसतं, तो त्या इवल्याशा फटीतूनही उडी मारू बघतो. त्याला त्या क्षणी दुसरीकडं वळवून धरणारा भिडू म्हणजे कंडेन्सर. करंगळीएवढी पत्र्याची डबी, आत कागद आणि पातळ पत्र्याची गुंडाळी. मायक्रोफॅरडच्या पाव हिश्श्याएवढी त्याची धारणा, आणि त्याच्यावाचून अख्खा ट्रक ठप्प.

आता मिस्त्री काय करतो ते बघू. जुना मिस्त्री आल्या आल्या कॉइलला हात लावत नाही. तो बोनेट उघडतो आणि आधी वास घेतो. टाकीतलं पेट्रोल शिळं झालं असेल तर त्याला वार्निशासारखा वास येतो, आणि ते काढून टाकल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नसतो. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा जाच अधिक, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पेट्रोल ओढणाऱ्या जुन्या एसी पंपाच्या रबरी पडद्याला ते मानवत नाही. मग तो हवेच्या फिल्टरमध्ये डोकावतो. जिनिंगच्या आवारातल्या गाडीत तिथं हमखास रुईचा गादीवजा बिछाना सापडतो, उंदरानं घातलेला. ज्या उंदरानं घर केलं त्यानं वायरी सोडल्या असतील असं समजू नये. सायलेन्सरच्या नळीत कुंभारमाशीनं मातीची घरटी केलेली असतात, तीही काढावी लागतात.

त्यानंतर सगळे प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि रात्रभर तसंच राहू द्यायचं. दुसऱ्या दिवशी हँडल घालून इंजिन हातानं, सावकाश फिरवायचं. रिंगा सिलिंडरला चिकटल्या असतील आणि वर सेल्फ मारला, तर हजारांत भागणारं काम लाखात जातं. मालकाला इथंच घाई असते.

"उस्ताद, बॅटरी तर नवीच टाकलीय की कालच. सेल्फ मारून बघा ना एकदा."

"बॅटरी नवी आहे शेठ, गाडी तर जुनीच आहे ना. थांबा जरा."

पाना-पक्कड चालवत त्याचं बोलणं निम्मं मराठीत आणि निम्मं दखनीत चाललेलं असतं. हाताखालच्या पोराला तो सांगतो, "पहले अर्थ देख." बॅटरीची एक तार थेट चासीला जाते आणि चासीतून परत येणारी वाट कुणाच्या ध्यानातच येत नाही. इंजिन रबरी पायांवर बसलेलं असतं, त्यामुळे चासी आणि इंजिन यांच्यामध्ये जाळीदार तांब्याची एक पट्टी असते. तिच्या बोल्टखाली गंज असतो, किंवा कुण्या हौशानं चासीला रंग मारताना तीही रंगवून टाकलेली असते. बोल्ट काढून, जागा पॉलिश पेपरनं चकचकीत करून पट्टी परत कसली की कण्हणारा सेल्फ पुष्कळदा लगेच जोमात फिरू लागतो. इथंच आणखी एक फसगत असते. सहा व्होल्टच्या फार्गोत, क्रायस्लरच्या रिवाजाप्रमाणं, बॅटरीचं अधिक टोक चासीला असतं. आजची पोरं सवयीनं उणे टोक लावतात. गाडीतून धूर निघत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही, पण डायनामोची दिशा बिघडते आणि कॉइलची ठिणगीही उलटी पडते. प्लगचं मधलं, गरम टोक उणे असावं लागतं. तसं नसेल तर ठिणगीला निदान पंधरा-वीस टक्के जास्त व्होल्ट लागतात. ओळखायची एक जुनी युक्ती आहे : वायरीचं टोक आणि प्लग यांच्यातल्या फटीत शिसपेन्सिलीचं टोक धरायचं. ठिणगीचा भगवट झोत प्लगच्या बाजूनं फुटला तर दिशा बरोबर.

मग खरी तपासणी. तिच्यासाठी मिस्त्रीला मीटरही लागत नाही, जुन्या ट्रकच्या डॅशबोर्डवर तो बसवलेलाच असतो. स्विच चालू करून पोराला हँडल हळूहळू फिरवायला सांगायचं आणि अँपिअर मीटरच्या काट्याकडं बघत राहायचं. काटा शून्य आणि उणे चारच्या मध्ये झोके घेत असेल, तर पॉइंट उघडतोय, मिटतोय आणि कॉइलच्या जाड वेढ्यापर्यंतची वाट ठीक आहे. काटा शून्यावरच मेल्यासारखा पडून असेल, तर वाट कुठंतरी तुटली आहे : स्विचचं आतलं तोंड गंजलं, नाहीतर पॉइंट टेकतच नाहीत. आणि काटा उणे बाजूला चिकटून बसला, तर पॉइंट उघडतच नाहीत किंवा त्यांची वायर कुठंतरी अंगाला लागली आहे. अर्ध्या मिनिटात निम्म्या शंका बाद होतात. संगणकावरच्या निदानाचं आपल्याला कौतुक वाटतं, ते वाटावंच, पण एका काट्याकडून इतकं वदवून घेणारी पद्धतही कौतुकाला पात्र आहे.

बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीत काटा बहुधा शून्यावर सापडतो. टेस्टरचा दिवा कॉइलच्या स्विचकडच्या टोकाला लावून बघायचा. लागला तर करंट इथवर आला आहे. मग डेल्कोची कॅप काढायची. आत पॉइंटचा हलणारा दांडा त्याच्या खुंटीवर जाम झालेला असतो. हा दांडा कॅमवर टेकतो ती फायबरची टाच आणि खुंटीवरची बुशी ओलीनं फुगलेली असते. कॅमनं दांडा एकदा उघडला की स्प्रिंग त्याला परत मिटवू शकत नाही. नुसत्या बोटानं दाबलं तर तो मिटतो आणि काटा हलतो. दांडा काढून खुंटी घासायची, एकच थेंब तेल द्यायचं, दुसरा नाही, कारण उडालेलं तेल पॉइंटवर जाऊन जळतं. पॉइंटची तोंडं टंगस्टनची असतात. ती बारीक कानशीनं किंवा सपाट दगडानं अलगद घासायची, पेट्रोलच्या फडक्यानं पुसायची आणि शेवटी कोरा जाड कागद तोंडांत धरून ओढून घ्यायचा. पॉलिश पेपर इथं वर्ज्य : त्याचे कण धातूत रुततात आणि पॉइंट पुन्हा जळतात. मग कॅमचं टोक टाचेखाली आणून फिलर गेजनं फट लावायची, सहा सिलिंडरच्या फार्गोला वीस थाउ, म्हणजे अर्धा मिलिमीटर.

आता कॅपमधली मधली जाड वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या बॉडीपासून पाव इंचावर धरायचं आणि पॉइंट उघडमीट करायचे. निळी, जाड, आवाज करणारी ठिणगी पडली तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर तिघंही निर्दोष सुटले. पिवळी, दोऱ्यासारखी पडली आणि त्याच वेळी पॉइंटच्या तोंडावर निळसर-पांढरा जाळ दिसला, तर दोष कंडेन्सरचा. कॉइलचा नंबर या सगळ्यांच्या नंतर लागतो. तिलाही मारण्याचा एक खात्रीचा उपाय मात्र आहे. पॉइंट मिटलेले असताना स्विच तासभर चालू ठेवायचा. करंट वाहत राहतो, कॉइल तापते आणि आतलं इन्सुलेशन जळतं. घरातली पोरं ड्रायव्हरच्या जागेवर बसून खेळतात त्या गाड्यांची बॅटरी म्हणूनच सुटी ठेवावी.

मधल्या वायरीला ठिणगी आहे आणि प्लगला नाही, अशा वेळी चोर वाटेत असतो. कॅपच्या बेकेलाइटला केसाएवढी चीर असते आणि त्या चिरेत कोळशाची काळी रेघ पडलेली असते, करंट तिच्यावरून घसरून भलत्याच सिलिंडरकडं जातो. कॅपच्या मधला कार्बनचा खिळा वर अडकलेला असतो. वायरीच्या खोबणीत हिरवट बुरशी चढलेली असते. मराठवाड्याची हवा कोरडी म्हणून आपण निर्धास्त असतो, पण भादव्यात दिवसाचं ऊन आणि पहाटेचा दमटपणा यांच्यात बंद कॅपच्या आतल्या बाजूला दव धरतं. कॅप पुसून, उन्हात वाळवून लावली की कैक गाड्या तेवढ्यावर बोलतात. जुन्या रबरी वायरी फाटल्यात की नाहीत ते बघायला मिस्त्री दिवस मावळायची वाट बघतो. अंधारात इंजिन फिरवलं की जिथून करंट गळतो तिथं निळ्या रेघा नाचताना दिसतात.

हे सगळं होऊनही एक कोडं उरतं. सेल्फ मारला की गाडी घेत नाही, हँडल मारलं की घेते. मालक याला गाडीचा स्वभाव म्हणतो. त्याचं उत्तर साधं आहे. सेल्फ बॅटरीतून इतका करंट ओढतो की सहा व्होल्टची बॅटरी साडेचारवर येते आणि नेमक्या त्याच क्षणी कॉइलला ठिणगी पाडायची असते. हँडल मारताना बॅटरीवर दुसरा भार नसतो, कॉइलला पुरे सहा मिळतात. हँडल मारावं, पण अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून, आणि जोर खालून वर ओढताना लावावा. इंजिनानं उलटा झटका दिला तर मुठीत वळवलेला अंगठा किंवा मनगट जायबंदी होतं. टायमिंग पुढं गेलं असेल तर हा झटका बसतोच.

टायमिंगचा घोळ बहुतेक वेळा माणसानं केलेला असतो. मागं कुणीतरी डेल्को काढून परत बसवताना अर्धा फेरा चुकतो, किंवा प्लगच्या वायरींचा क्रम बदलतो. फार्गोचा क्रम 1-5-3-6-2-4, जीपचा 1-3-4-2. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात कागदाचा बोळा बसवून हँडल फिरवायचं. बोळा फट्‌कन उडाला की पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वर येतोय हे समजतं, आणि तेव्हा रोटरचं तोंड पहिल्या वायरीकडंच असलं पाहिजे. ते पाठमोरं असेल तर कार्बोरेटरमधून भडका येतो आणि मालक दोन पावलं मागं सरतो.

कंडेन्सर किंवा रोटर खरोखरच गेला असेल तर मात्र जालन्यात एक सोय आहे, जी फार कमी गावांत असेल. शहराभोवतीच्या कारखान्यांत भंगार वितळवून सळया ओढल्या जातात आणि त्या भट्ट्यांसाठी दुरून दुरून जुन्या गाड्यांचं लोखंड येतं. भंगारात तांबं चालत नाही. पोलादात ते मिसळलं तर सळई तापवून लाटताना तिच्या अंगाला चिरा पडतात. म्हणून भट्टीच्या आधी गाडीतून डायनामो, सेल्फ, कॉइल, वायरी उपसून काढल्या जातात आणि त्यांचा ढीग वेगळा पडतो. मिस्त्री त्या ढिगापाशी उकिडवा बसतो. नव्या बाजारातला कंडेन्सर त्याला खात्रीचा वाटत नाही. ॲम्बेसिडर, पद्मिनी, जुन्या जीपा यांच्या डेल्कोमधला लुकासचा कंडेन्सर सापडला तर तो खिशात टाकतो. माप जवळपास तेच असतं, फक्त बसवायचा क्लॅम्प वाकवावा लागतो. भंगारवाला वजन करून पैसे घेतो, आणि एवढ्याशा डबीचं वजन काट्यावर धड येतही नाही.

भट्टीचं काम ज्या तत्त्वावर चालतं ते पाहिलं की मला गंमत वाटते. जालन्यातल्या इंडक्शन भट्टीत जाळ नसतो. पाण्यानं थंड ठेवलेल्या तांब्याच्या नळीचा वेढा असतो, त्यातून उलटसुलट करंट खेळवला की वेढ्याच्या मधल्या भंगारात आपोआप करंट उपजतो आणि भंगार सोळाशे अंशांच्या घरात पाण्यासारखं होतं. म्हणजे ट्रकच्या कॉइलचीच थोरली बहीण. कॉइलमध्ये जिथं बारीक तारेचा वेढा असतो, तिथं भट्टीत खुद्द भंगार असतं. फॅरडेच्या एकाच शोधानं ट्रकला पहिली ठिणगी दिली आणि त्याच शोधानं तो वितळतो.

आणि वितळण्याचा रस्ता सोपा आहे, हे मालकाच्या भाच्या-पुतण्यांना पक्कं ठाऊक असतं. शेडमध्ये जागा अडते, लोखंडाचा भाव मिळतो, रस्त्यावर चालवायला परवानगी मिळणं अवघड. 2021 मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची सोय केली, पण ती हौशीच्या वापरापुरती, माल वाहून भाडं कमवायला नव्हे. भाडं न कमावणारा ट्रक जपायचा तर घरात एकजण तरी हट्टी हवा. तो नसला की क्रेन येते.

हट्टी मालक असला की प्लग घासून, वाळवून बसवले जातात, कार्बोरेटरच्या बाउलमध्ये ताजं पेट्रोल जातं, चोक ओढला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या हँडलला इंजिन एकदा ठसकतं, दोनदा ठसकतं, पांढऱ्या धुराचा लोट सोडतं आणि धरतं. मिस्त्री लगेच कान लावून उभा राहतो. एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल तर लाकडी मुठीच्या पेचकसानं एकेक प्लग शॉर्ट करत जातो. ज्या प्लगवर इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो आळशी. अँपिअर मीटरचा काटा आता अधिक बाजूला झुकलेला दिसायला हवा. झुकला नाही तर डायनामो किंवा कटआउटचं काम निघतं, पण ते दुसऱ्या दिवसाचं. "पाच मिनिटांत बंद करू नका," तो मालकाला बजावतो. थंड इंजिन थोडंसंच चालवून बंद केलं तर सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी धरतं, ते न चालवण्याहून वाईट. पंधरवड्यातून एकदा, पुरतं तापेपर्यंत चालवायचं, आणि त्यानंतर बॅटरीची तार सोडून ठेवायची.

मजुरीचा आकडा ऐकून मालकाचा चेहरा पडतो.

"उस्ताद, सामान तर काहीच लागलं नाही. नुसतं घासलंच की सगळं."

मिस्त्री हात पुसत पुसत पिशवीतून नव्या कॉइलचं खोकं काढतो आणि मालकाच्या हातात ठेवतो. "ही दुकानात परत देऊन या शेठ. सील फोडलेलं नाही, घेईल तो. प्लगचेही चार-पाचशे सुटतील."

मालक खोकं उलटंपालटं करून बघतो, बिल शोधायला खिसे चाचपतो, आणि दुकान किती वाजता बंद होतं ते पोराला विचारतो.